सुई कुणाच्या हातात, मर्जी कुणाची?

दिवाळी सरली की बारडोलीच्या आसपास उसाच्या फडांशेजारी पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. डांगातून, नवापूर-साक्रीकडून, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५५ मध्ये स्थापन झाला, आणि तेव्हापासून त्याची चाके या टोळ्यांच्या जिवावर फिरत आली आहेत. मुकादमाच्या वहीत इथे माणूस मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. एक कोयता म्हणजे तोडणारा आणि मोळ्या बांधणारी, बहुधा नवराबायको. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकापासून या स्थलांतरावर लिहिले आहे.

मोळी बांधणारीचा हात जवळून पाहिला तर मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या टिंबांच्या रांगा दिसतात. हनुवटीवर एक ठिपका, कपाळावर चंद्रकोर. तिच्याच टोळीतल्या पोराच्या हातावर मात्र जत्रेतल्या मशीनने काढलेले ठसठशीत 'आई' असते. तो त्याला टॅटू म्हणतो, त्याची आई तिच्या ठिपक्यांना गोंदण म्हणते, आणि बारडोलीच्या बाजारातली गुजराती म्हातारी त्यालाच छूंदणां किंवा त्राजवां म्हणते. नावे वेगवेगळी असली तरी कृती एकच, कातडी टोचायची आणि आत रंग ठेवायचा.

गोंदण गेले आणि टॅटू आला, असे एका वाक्यात सांगून विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. तो इतका सोपा नाही. या प्रश्नाला इतिहास आहे, आरोग्य आहे, पोलीसभरती आहे, कोर्टकचेरी आहे. साऱ्याच्या तळाशी मात्र दोनच गोष्टी सापडतात: सुई कुणी धरली, आणि टोचून घेणाऱ्याला कुणी विचारले.

हिरवे का दिसते?

जुन्या गोंदणाचा रंग हिरवा नसतोच. तेलाच्या दिव्याची काजळी, म्हणजे निव्वळ कार्बन, हाच त्यातला मुख्य रंग. कातडीच्या आड गेलेला काळा कण प्रकाशाच्या विखुरण्यामुळे आपल्या डोळ्याला निळसर-हिरवा भासतो. दोन-चार सुया एकत्र बांधायच्या, काजळीत बुडवायच्या आणि आकृतीबरहुकूम टोचत जायचे. वरून हळद-तेल लावायचे. हात सुजतो, खपली धरते, आठवड्या-दोन आठवड्यांत ती पडते आणि खाली खूण उरते.

ती उरते कशी, हे अलीकडे नीट कळले आहे. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, म्हणून त्यात राहिलेला रंग झडून जातो. सुई त्याखालच्या थरात पोचली तर शरीराच्या रक्षक पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की कण मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी त्याला गिळते. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिले. आपण ज्याला कायमची खूण म्हणतो, ती शरीराने पिढ्यान्‌पिढ्या हातोहात दिलेली एक न पचलेली गोष्ट आहे.

ही रीत फार जुनी आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी'च्या देहावर ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, त्यामुळे त्या दुखण्यावरचा उपाय असाव्यात असे अभ्यासक मानतात. आपल्याकडेही सांधा धरला की त्यावर गोंदून घेणाऱ्या आणि बिब्ब्याची फुली मारणाऱ्या आज्या होत्या. त्यांना हे नवल वाटणार नाही.

गोंदणारीण आणि तिचे गिऱ्हाईक

गोंदणे हा बहुतेक ठिकाणी बायांचा धंदा. फिरत्या जमातींतल्या बाया सुगीनंतर गावोगाव हिंडत आणि धान्य, जुने लुगडे, चार पैसे यांवर गोंदून देत. गोंडांच्या मुलखात ओझा, बैगांकडे बादी या समाजांतल्या बायकांकडे हे काम होते. महाराष्ट्रात तुळस, चंद्रकोर, विंचू, मोर, लक्ष्मीची पावले या नेहमीच्या आकृत्या. पुढे अक्षरओळख आली तशी नावे आली. नवऱ्याचे नाव तोंडाने न घेणाऱ्या बाईच्या हातावर ते ठळक लिहिलेले असे.

गोंदणामागचे कारण विचारले की पश्चिम आणि मध्य भारतात एक उत्तर हमखास मिळते: सोने-नाणे इथेच राहते, वर सोबत येते ते गोंदण. ज्या बाईच्या नावावर ना शेत, ना घर, तिच्यासाठी ही मालमत्तेचीच भाषा आहे. दागिना सावकाराकडे गहाण पडतो, दारूपायी विकला जातो, सासरची माणसे काढून घेतात. गोंदण कुणाला काढून घेता येत नाही.

बारडोलीच्या टापूत याचा पडताळा एका वेगळ्या वाटेने आला. १९२०च्या दशकात, सत्याग्रहाच्या आधीपासून, वेडछी परिसरात गांधीवादी कार्यकर्ते चौधरी, गामित या आदिवासी समाजांत काम करू लागले. दारू सोडा, सूत काता, अंगावरचे पितळेचे जड दागिने उतरवा, असा त्यांचा आग्रह होता. हेतू चांगला होता. त्या ओझ्याने हातपाय सोलवटत. पण सुधारकाला दागिनाच उतरवता आला. त्राजवां पिढी संपेपर्यंत तशीच राहिली.

म्हणून जुने ते सारे बायकांच्या आवडीचे होते, असे समजायचे कारण नाही. गोंदणे बहुधा लग्नाआधी, आठ-दहा-बारा वर्षांच्या वयात होई. दोघींनी हात धरायचे आणि तिसरीने टोचायचे. बिनगोंदणाची सून चालत नाही, हा धाक अनेक समाजांत होता. आज अभिमानाने हात पुढे करणाऱ्या म्हाताऱ्याही त्या दिवशी किती रडलो ते सांगतात. वारसा म्हणून गोंदणाचे गोडवे गाताना ती रडणारी पोर विसरता येत नाही. शांता शेळके यांनी १९७५ मधल्या आपल्या कवितासंग्रहाला 'गोंदण' हेच नाव दिले. तोवर हा शब्द कातडीवरून मनावर आला होता, आणि न पुसणारी कुठलीही गोष्ट त्यात मावू लागली होती.

खूण की कलंक

जी खूण पुसत नाही, तिच्यावर सत्तेचा डोळा पडणारच. बंगाल प्रांतात १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची पद्धत पक्की झाली. तिला नावच 'गोदना' असे होते. १८४९ मध्ये ती रद्द झाली. तोपर्यंत कैदी पागोटे कपाळावर ओढून ती झाकत, काही जण कातडीच सोलून काढत.

कायदा गेला, पण वृत्ती गेली नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरच्या पोलिसांनी सांसी समाजातल्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदले. निकाल लागायला २०१६ उजाडले. पतियाळाच्या सीबीआय न्यायालयाने तिघा पोलिसांना शिक्षा सुनावली. 'दीवार' (१९७५) मधल्या पोराच्या हातावर बापाच्या चोरीची ओळ बळजबरीने गोंदली गेलेली आपण टाळ्या वाजवत पाहिली. ती गोष्ट निव्वळ पटकथाकारांच्या कल्पनेतली नव्हती, एवढे या खटल्यावरून कळते.

याच्या उलट टोकाला छत्तीसगडचे रामनामी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, देवळात पाऊल ठेवू दिले जात नाही म्हणून, या दलित भाविकांनी अंगभर रामनाम गोंदून घेतले. आता देऊळ बंद करून काय उपयोग? सुई तीच, काजळीही तीच. कपाळावर लिहिलेले लादलेले होते आणि इथे माणसाने स्वतः अंग पुढे केले होते.

या दोन टोकांमध्ये गोंदणाचे एक साधे, रोजचे काम आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बेवारस मृतदेहांची वर्णने छापतात: रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले. सुरत-भुसावळ लोहमार्गाने हजारो खान्देशी माणसे उधन्याच्या यंत्रमागांकडे आणि बारडोलीच्या फडांकडे गेली. कामगाराजवळ ओळखपत्र नसे, अनेकदा मुकादमाला त्याचे पूर्ण नावही ठाऊक नसे. अशांच्या घरी शेवटचा निरोप पोचवायचे काम हातावरच्या चार अक्षरांनी केले आहे.

सोनार कोण?

सोनारानेच कान टोचावेत, असे आपण म्हणतो. ज्याचे काम त्यानेच करावे, हा त्याचा अर्थ. आणि ही म्हण अक्षरशः खरी होती. बारशाला किंवा पुढे केव्हातरी सोनार घरी येई. पाळीच्या मऊ भागात नेमकी जागा हेरून सोन्याची तार आरपार करी. सोने कातडीला सहसा बाधत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला एक. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याची रीत आहेच, शिवाय जड दागिन्याने फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही आहेत. अंग बदलायची हौस आणि बिघडले तर दुरुस्तीची विद्या, दोन्ही एकाच अध्यायात!

दुरुस्तीच्या विद्येचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याजवळचे आहे. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. पुढे १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी तशी शस्त्रक्रिया केली, आणि आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो. हे काम करणारा कुंभार समाजातला होता, असे सांगतात. म्हणजे जातीने सोनार असायची गरज नव्हती, हाताला विद्या हवी होती.

आज हा सोनार हरवला आहे. गणपतीत ढोल-ताशा पथकांतली मुले हौसेने भिकबाळी घालतात. ती कानाच्या वरच्या भागात जाते, बुगडीसारखी. तिथे मऊ मांस नसते, कूर्चा असते. पाळीचे भोक सहा-आठ आठवड्यांत भरते, कूर्चेला अनेक महिने लागतात. रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे जंतू शिरले तर कान कायमचा वाकडा होऊ शकतो. दुकानातल्या बंदुकीसारख्या यंत्राने कूर्चा टोचू नये, असे जाणकार सांगतात, कारण ते भोक पाडत नाही, ठोकते. आपल्या सावळ्या कातडीवर व्रणाची गाठ, म्हणजे किलॉइड, येण्याचा संभव जास्त असतो, हेही सांगणारा कुणी नसतो.

हौस याहून पुढेही गेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीत टॅटूच्या दुकानात जीभ मधोमध चिरून देण्याचा प्रकार उघड झाला आणि दुकानमालकाला अटक झाली. स्वतःच्या जिभेचे काय करायचे ते प्रौढ माणसाने ठरवावे, हे कदाचित मान्य करता येईल. पण भूल, रक्तस्राव आणि टाके यांचे शिक्षण नसलेल्या माणसाने ती कापावी, हे मान्य करता येत नाही. मर्जी आणि कसब हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

भरतीच्या रांगेत

ज्या पोराने जत्रेत हातावर 'आई' काढून घेतले, त्याला दोन वर्षांनी भरतीची तयारी करताना त्याचा अर्थ कळतो. भारतीय लष्कराने हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचे गोंदण चालेल असे ठरवले आहे. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर वा अंगावर इतरत्र असले तरी सूट आहे. केंद्रीय पोलीस दलांचे नियम आणखी बारीक आहेत: धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण हाताच्या आतल्या बाजूचे गोंदण डाव्याच हातावर हवे, कारण उजव्याने सलाम ठोकायचा असतो, आणि आकार त्या अवयवाच्या पावभागाहून कमी हवा. दैवाने 'आई' उजव्या हातावर असेल तर वैद्यकीय तपासणीत पोरगा बाद.

सोलापूरच्या एका तरुणाबाबत असेच घडले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात चालक-शिपाई पदासाठी तो पात्र ठरला, पण उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे नाकारला गेला. ते पुसायचा त्याने प्रयत्न केला होता, बरेचसे गेलेही होते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि स्वतःच्या शरीराबाबतचा निर्णय त्याच्या गाभ्याशी असल्याचे सांगितले. पण प्रत्येक उमेदवाराला कोर्टाची पायरी परवडत नाही. सूट आदिवासी रूढीला आहे, जत्रेतल्या मशीनला नाही. एकाच खोपीतल्या आईचे गोंदण नियमात बसते आणि मुलाचे बसत नाही.

पुसणे सोपे असते तर गोष्ट वेगळी होती. लेझरने रंगाचे कण फोडतात, मग शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि पिवळा चिवट. खर्च टॅटूच्या कित्येक पट आणि तरीही पुसट डाग राहू शकतो. ॲसिड, चुना किंवा गरम सळईचे घरगुती उपाय केलेली माणसे त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात तेव्हा त्यांच्या हातावर अक्षर नसते, भाजल्याचा व्रण असतो.

सुईच्या टोकावर

टॅटूचे विजेवरचे यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ मध्ये नोंदवले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ते सुचले होते. आज त्याचीच भावंडे बॅटरीवर आपल्या जत्रांत घरघरत असतात. गोंदणारीण दिवसात चार-पाच बायका गोंदायची, हा गडी तासात तेवढी पोरे उरकतो. सुई तीच, रंगाची वाटी तीच, रक्त पुसायचे फडकेही तेच.

धोका इथे आहे. हेपॅटायटिस-बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. हेपॅटायटिस-सी आणि एचआयव्ही हेही रक्तातूनच जातात. हेपॅटायटिस-बीची लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात २०११ पासून आली, त्यामुळे आज टॅटू काढणाऱ्या बहुसंख्य तरुणांना ती बाळपणी सरकारी दवाखान्यात मिळालेलीच नसते. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करू नये, हा रक्तपेढ्यांचा नियम यातूनच आला.

रंगाचाही प्रश्न आहे. ॲलर्जी सर्वांत जास्त लाल रंगाची दिसते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातली. आपल्याकडे टॅटूच्या दुकानांसाठी देशभर लागू असा स्वतंत्र कायदा नाही. केस कापायच्या दुकानाला जो परवाना लागतो, तेवढ्यावरच हे काम भागते. आणि 'आम्ही नुसती मेंदी काढतो' म्हणणाऱ्यांनीही जपावे. मेंदीचा रंग तांबूस असतो. 'काळ्या मेंदी'त बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते, आणि त्याने हात भाजल्यासारखा होतो.

बाहेरचे अनुभव

सोनार कोण, यावर इतर देशांनीही डोके खाजवले आहे. टॅटू काढणे हे डॉक्टरचे काम असे दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले. परिणामी लाखो लोक चोरून टॅटू काढून घेत राहिले आणि कलाकार गुन्हेगार ठरले. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने टॅटू कलाकारांना परवाना देणारा कायदा केला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच हे वैद्यकीय काम नसल्याचा निर्वाळा दिला होता. बंदीने सुई थांबत नाही, ती अंधारात जाते, एवढा धडा यातून घेता येतो.

प्रतिष्ठेचा धडा न्यूझीलंडचा आहे. हनुवटीवर माओरी गोंदण मिरवणाऱ्या नानाया माहुता २०२० मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. आपल्याकडे हनुवटीवर ठिपके असलेली बाई बँकेत गेली तर काउंटरवरचा माणूस आधी तिला अंगठा कुठे लावायचा ते दाखवतो. शहरात शिकायला गेलेल्या आदिवासी मुली आईचे गोंदण फोटोत झाकतात आणि त्याच शहरात 'ट्रायबल' नावाची नक्षी हजारोंना विकली जाते.

बिहारमधल्या मिथिलेत यावर एक वाट सापडली. जितवारपूरच्या दुसाध समाजातल्या चानो देवी आणि इतर बायांनी १९७०च्या दशकात गोंदणाच्या आकृत्या कागदावर उतरवल्या, आणि 'गोदना' ही चित्रशैली म्हणून नावारूपाला आली. कातडीवरून उतरूनही नक्षी जगली, शिवाय ती काढणारीला पैसे आणि नाव मिळाले. वारल्यांची भिंत कागदावर आली. डांग-खान्देशचे गोंदण अजून म्हाताऱ्यांच्या हातांवरच आहे आणि त्यांच्याबरोबर चालले आहे.

काय करता येईल

पहिले काम नोंदीचे. गावोगावच्या आकृत्या त्या बायांच्या परवानगीने, त्यांच्या तोंडची नावे आणि अर्थ यांसह उतरवून घ्याव्यात. बाईचे नाव लिहायचे की नाही ते तिने ठरवावे. दुसरे काम परवान्याचे. नवी सुई, झाकणबंद शाई, १२१ अंश तापमानाला वाफेखाली निर्जंतुक केलेली हत्यारे, अठरा वर्षांखालच्यांना मनाई, एवढे चार नियम नगरपालिकेच्या पातळीवरही बसवता येतील आणि जत्रेतल्या गड्याला शिकवता येतील. त्याला हाकलून भागणार नाही. गिऱ्हाईक त्याच्यामागे पुढच्या जत्रेत जाईल. तिसरे काम भरतीच्या नियमांचे. ते तरुणांना भरतीच्या दिवशी कळतात, दहावीच्या वर्गात कळायला हवेत.

चौथे काम घरातले आहे. आईबापांना टॅटू म्हणजे वाया जाणे वाटते, आणि पोरांना आजीचे गोंदण म्हणजे मागासपणा. दोघांनी एकमेकांचे हात शेजारी ठेवून पाहावेत. आजीने पोटी ठेवलेली भीती आणि नातवाने मिरवलेली हौस यांत फरक एवढाच की तिला कुणी विचारले नव्हते, त्याला विचारायची सोय आहे.

ही सोय त्याने वापरावी. जत्रेच्या गर्दीत बाही वर करण्याआधी गड्याला विचारावे, सुई नवी आहे का. मग स्वतःला विचारावे, हे मला हवे आहे की बरोबरच्या चौघांना. दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत बाही खाली असलेली बरी.